खोक्यानं गाऊ नये!

दोस्तांनो, आज आधी एका माठाची गोष्ट.

मी आठवीत होतो. आमचा रेडिओ फळीवरून पडला आणि त्याच्या पेटीचे तुकडे झाले. आतलं सगळं मात्र शाबूत होतं. आजीला सकाळच्या बातम्यांशिवाय चहा गोड लागत नसे, त्यामुळे दुरुस्तीचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. (रेडिओ सेलवर चालणारा होता म्हणून बरं. विजेवर चालणाऱ्या वस्तूची पेटी तुम्ही कधीही उघडायची नाही, कळलं?) चार इंची स्पीकर सोडवला, लांब तारा जोडल्या, टेबलावर ठेवून सुरू केला. आवाज कसा आला सांगू? काडेपेटीत कोंडलेल्या माशीसारखा! कालपर्यंत हाच स्पीकर किती भरदार वाजत होता.

असं का झालं? स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी त्याच्या मागची हवा विरळ होते. म्हणजे पुढून एक लाट निघते आणि मागून बरोब्बर उलटी. सेकंदाला १०० कंपनं असलेल्या खर्जाच्या सुराची लाट साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते. तिला चार इंची स्पीकरला वळसा घालून मागे जायला कितीसा वेळ? पुढचा दाब मागच्या विरळ हवेत भरून निघतो आणि खर्ज गायब! उंच सुरांच्या लाटा आखूड असतात, त्या सहज वळसा घालत नाहीत. म्हणून नुसती किरकिर उरते.

करून बघा. वर्तमानपत्राच्या पानाएवढा जाड पुठ्ठा घ्या, मध्ये स्पीकरएवढं भोक पाडा आणि गाणं चालू असताना स्पीकर त्या भोकाला मागून घट्ट धरा. खर्ज येतो. बाजूला घ्या, जातो. पुढ-मागच्या लाटांची गाठ पडू द्यायची नाही, एवढ्याचसाठी खोकं लागतं.

हे मला तेव्हा कुठलं ठाऊक! स्पीकर माठात ठेवला की आवाज मोठा होतो, एवढंच ऐकलं होतं. माठ आडवा ठेवला, तोंडात स्पीकर बसवला आणि तारेसाठी बुडाला भोक पाडलं. स्पीकर तोंडापेक्षा लहान, त्यामुळे भोवती बोटभर फट राहिली. पण आवाज काय घुमला! गल्लीतली सगळी पोरं ऐकायला जमली. आजीनं मात्र दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "ही बाई काय विहिरीतून बोलतेय का रे? एक शब्द कळेल तर शपथ."

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो ना? आतली हवा स्प्रिंगसारखी दबते-फुगते आणि तोंडातली हवा त्या स्प्रिंगवर नाचते. माझा माठही तसाच आपल्या एका सुरात घुमत होता. पुढे मी हिशेब करून पाहिला, तर तो सूर सेकंदाला २०० कंपनांच्या जवळपास येतो. बातम्या देणाऱ्या बाईंच्या आवाजाची पट्टीही साधारण तीच! त्या जे काही बोलतील त्यात माठ आपला 'हूं' मिसळत होता.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला मोठा भोपळा लावतात तो घुमण्यासाठीच. तिथे भोपळ्यानं गायलाच हवं, कारण तो वाद्याचा भाग आहे. स्पीकरनं मात्र दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा पोचवायचा असतो. त्याच्या खोक्यानं मध्ये गाऊ नये, अगदी मुकं राहावं.

आता म्हणाल, आम्ही पाहिलेल्या स्पीकरच्या खोक्यांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, ते कसं? बरोबर आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या अल्बर्ट थुरास यांना त्या युक्तीचं पेटंट १९३२ साली मिळालं. भोक आणि त्यामागची नळी मोजूनमापून ठेवली, तर मागची लाट योग्य वेळी बाहेर येऊन खर्जाला मदत करते. पण हिशेब चुकला की झाला माठ!

नवख्यानं बंद खोक्यापासून सुरुवात करावी, असं माझं मत. १९५४ साली अमेरिकेतच एडगर विल्चर आणि त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी असं छोटं बंद खोकं बाजारात आणलं. त्याआधी चांगला खर्ज हवा तर कपाटाएवढी पेटी लागायची. सायकलच्या पंपाचं तोंड बोटानं बंद करून दांडा दाबा. तो उसळून वर येतो की नाही? विल्चर यांनी पडद्याची कड मुद्दाम सैल ठेवली आणि त्याला जागेवर आणायचं काम आतल्या कोंडलेल्या हवेवर सोपवलं. हवेची स्प्रिंग कापडी-कागदी कडेपेक्षा जास्त इमानी निघाली, आवाज स्वच्छ झाला.

म्हणून खोकं वाटेल तेवढं लहान करता येतं असं नाही हं! समजा, उघड्यावर तुमच्या स्पीकरचा पडदा सेकंदाला ६० वेळा डोलतो आणि त्याच्या कडेचा ताठपणा ९ लिटर हवेच्या ताठपणाएवढा आहे. ९ लिटरच्या खोक्यात ताठपणा दुप्पट होतो आणि डोलणं ८५ वर जातं. ३ लिटरच्या खोक्यात ताठपणा चौपट, डोलणं थेट १२०! त्याच्या खालचा खर्ज झपाट्यानं क्षीण होतो. लहान खोकं, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात. हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावानं ओळखला जातो. हल्लीच्या मुठीएवढ्या स्पीकरमध्ये खर्ज विजेच्या जोरावर ढकलून वाढवतात. म्हणूनच आवाज पूर्ण वाढवला की अनेकदा तो खर्ज हळूच कमी केला जातो. लक्ष देऊन ऐका.

माझं पहिलं खोकं चहाच्या पेटीच्या पातळ फळ्यांचं होतं. तेही गायलं, वर खडखडलं! मग शेजारच्या सुतारकाकांनी १२ मिलिमीटरचं प्लायवुड दिलं आणि करवतही त्यांनीच चालवली. आतून मापं ३२, २० आणि १४ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ९ लिटर. तिन्ही मापं वेगळी ठेवा. सारखी असली की आतल्या लाटा एकाच सुरावर जोर धरतात. दोन मोठ्या फळ्यांच्या मध्ये आतून एक आडवी काठी चिकटवा. बोटानं ठोकून बघा: 'ढब' आलं तर फळी अजून कापतेय, कोरडं 'टक' आलं तर ठीक. सांधे डिंकानं बुजवा, तारेचं भोकसुद्धा. आत जुन्या उशीचा कापूस सैलसर भरा, त्यानं हवेला खोकं थोडं मोठं असल्यासारखं वाटतं. शेवटी पडदा चारी बोटांनी अलगद आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला, तर फट नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं बातम्या लावल्या. मी श्वास रोखून दाराशी उभा. हवामानापर्यंत सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आता शब्द न् शब्द कळतोय हो." मग चष्मा वर सरकवत, "पण कार्ट्या, माझ्या माठाच्या बुडाला भोक कुणी पाडलं?"