नोटेवरील नकाशा आणि पैनगंगेचा धडा

नेपाळच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनात आणलेल्या शंभर रुपयांच्या नोटेवर कालापानी, लिपुलेख व लिंपियाधुरा हे प्रदेश नेपाळात दाखविणारा नकाशा आहे. जून २०२० मध्ये घटनादुरुस्ती करून त्या देशाने तोच नकाशा आपल्या राजचिन्हात घातला होता. ज्या नेपाळच्या पहिल्या नोटा १९४५ पासून दहा वर्षे नाशिकला छापल्या गेल्या, त्याची ही नोट चीनमध्ये छापली जावी, याचे शल्य अनेकांना वाटते.

परंतु अशा चिन्हांनी भूमीचे स्वामित्व ठरते काय? याचे उत्तर यवतमाळकरांना दूर शोधावयास नको. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढे १९३६ च्या करारात निजामाचे स्वामित्व नाममात्र मान्य झाले आणि त्याच्या ज्येष्ठ पुत्रास वऱ्हाडच्या युवराजाचा किताब लाभला. किताब कागदावर राहिला. यवतमाळ हैदराबादचे झाले नाही. पैनगंगेपलीकडे चारमिनारचे चित्र मिरविणारा हाली शिक्का चाले. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारताशी ‘जैसे थे’ करार केल्यावर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन आपल्या राज्यात अग्राह्य ठरविले. त्याने संस्थान वाचले नाही. उलट सप्टेंबर १९४८ नंतरही हाली शिक्का काही वर्षे चालत राहिला, म्हणून भारताच्या सार्वभौमत्वास बाध आला नाही.

तेव्हा या नोटेने दिल्लीने बिथरून जाण्याचे कारण नाही. नेपाळी रुपयाचे मूल्य १९९३ पासून भारतीय रुपयाशीच बांधलेले आहे. नकाशा बदलला तरी ते नाते तुटलेले नाही. मात्र एकतर्फी कृती म्हणून निषेध नोंदविला की कर्तव्य संपले, असे मानणेही तितकेच चुकीचे ठरेल. १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी ही नेपाळची पश्चिम सीमा ठरली; वाद आहे तो त्या नदीच्या उगमाचा. तो सोडविण्याचे काम ऑगस्ट २०१४ मध्ये उभय पंतप्रधानांनी परराष्ट्र सचिवांवर सोपविले होते. हैदराबादचा प्रश्न बळाने सुटला, कारण ते भारताच्या कुशीतील संस्थान होते. नेपाळ हे स्वतंत्र मित्रराष्ट्र आहे. तेथे तो मार्ग संभवत नाही. चर्चा जितकी लांबेल, तितका तो नकाशा नेपाळच्या प्रत्येक घरात रुजेल, आणि उद्या तडजोड करू इच्छिणाऱ्या तेथील राज्यकर्त्याचे हात तोच बांधून टाकील.