चिमुकल्या हातांना काम हवे

घरगुती पाळणाघरात मुलांना दिवसभर गुंतवायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर टीव्ही नव्हे. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, शंख-शिंपले हीच त्यांची साधने होती. आजही भेंडीचे ठसे, कणकेचे गोळे, वर्तमानपत्राची होडी एवढ्यावर सकाळ रंगते. कागद फाडताना, कणीक मळताना बोटांत बळ येते. पुढे पेन्सिल धरताना तेच कामी येते. चिंचोके, मणी मात्र तीन वर्षांखालील मुलांना देऊ नका; ते घशात अडकू शकतात. मुलांची चित्रे ‘नीट’ करण्याचा मोहही टाळा. आणि पालकहो, संध्याकाळी ‘जेवलास का?’ याबरोबर ‘आज काय बनवलंस?’ हेही आवर्जून विचारा.