आमचं सोवळं काचेच्या आत

महाराष्ट्रात जाण्याच्या मागणीसाठी एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून बेळगावच्या रस्त्यावर उतरणारी घरं जुलैतल्या रविवारी आंबोलीच्या वाटेला लागतात. शिनोळी ओलांडली की महाराष्ट्र. सीमावादातली 865 गावं, 1967 चा महाजन अहवाल, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा, हे सगळं पुढच्या सीटवरच्या आजोबांना तोंडपाठ असतं. मग घाटात गाडी थांबते, काच खाली सरकते आणि वेफर्सचं रिकामं पाकीट त्याच महाराष्ट्राच्या अंगावर पडतं. टाकणारा नातू; त्याला आईनं बजावलेलं असतं, "गाडीत घाण करू नकोस रे!"

आमची सगळी स्वच्छता या एका वाक्यात आली. गाडीला लिंबू-मिरची, आत अत्तराची बाटली, सीटवर डाग पडला तर घरात भांडण. काचेपलीकडचं जग मात्र कुणाचंच नाही. ही सवय मोटारींबरोबर आलेली नाही. घाण आपण करायची आणि ती काढायला दुसरा कुणीतरी जन्माला आलेला आहे, हा जातीनं आमच्या हाडीमाशी भिनवलेला समज आहे. सोवळं सोडलं म्हणून मिरवणाऱ्यांनीसुद्धा तो सोडलेला नाही. सोमवारी घाटातल्या बाटल्या कोण वेचतं, हे आमच्यापैकी कितीजणांनी विचारलं?

आणि आमची भक्ती तर बघा. आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी चपला काढून आत जायचं, महादेवापुढे नारळ फोडायचा, तीर्थ डोळ्यांना लावायचं आणि नारळाची प्लॅस्टिकची पिशवी तिथेच झुडपात कोंबायची. तिथल्याच कुंडात सापडलेल्या माशाची 2020 साली नवी जात म्हणून नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी ही जागा जैवविविधता वारसास्थळ ठरली. घाटातल्या धबधब्याखाली फेकलेलं खाली कोकणात जातं, ते दुसऱ्याच्या पदरात. माथ्यावरचं पाणी मात्र पूर्वेला वळतं. हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. म्हणजे ती पिशवी बेळगाव जिल्ह्यातच परत येते, तीही दावा-बिवा न लावता!

माकडांना भजी चारण्यालाही आम्ही पुण्य म्हणतो. त्या पुण्याच्या वासावर माकडं रस्त्यावर येतात आणि चाकाखाली जातात. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोलीचा भेकही पावसाळी रात्री याच रस्त्यावर चिरडला जातो. जगात दुसरीकडे कुठेही तो सापडत नाही.

आम्हाला एकजूट जमत नाही असंही नाही. 1981 त निपाणीचे तंबाखू उत्पादक आठवडेच्या आठवडे महामार्गावर बसले, 6 एप्रिलच्या गोळीबारात माणसं गमावली. हक्कासाठी जीव देणारी ही माणसं. कर्तव्याचा विषय निघाला की मात्र ठरलेलं उत्तर येतं: सरकारनं कचऱ्याचे डबे कुठे ठेवलेत?

सरकारनं ठेवायला हवेत, यात वाद नाही. पण घरून पुऱ्या नेलेला स्टीलचा डबा रिकामा झाल्यावर कुणी दरीत भिरकावत नाही. तो पुसून, झाकण घट्ट लावून पिशवीत परत येतो. त्याच्यावर घरच्यांचं नाव कोरलेलं असतं.