चाल : पाहिलेली आणि मोजलेली

अस्थिरोगाच्या व्यवसायात बरीच वर्षे घालविलेल्या प्रत्येकाच्या मनात एखादा रुग्ण कायमचा घर करून राहतो. माझ्या मनात राहिला आहे तो सेरेब्रल पाल्सी असलेला सात वर्षांचा एक मुलगा. तो चवड्यांवर चालत तपासणीच्या खोलीत आला. मी त्याला दारापासून टेबलापर्यंत दोनदा चालविले, टाच टेकत नाही हे पाहिले आणि टाचेची कंडरा लांबविण्याची शस्त्रक्रिया केली. टाच टेकली, सर्वांना समाधान वाटले. चार वर्षांनी तो पुन्हा आला तेव्हा त्याचे गुडघे व नितंब वाकलेले होते आणि प्रत्येक पावलागणिक तो धापा टाकत होता. त्याची आई एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, टाच टेकली खरी, पण पोरगं खाली बसत चाललंय."

चूक कोठे झाली, हे मला पुढे उमगले. मुळात गुडघा व नितंबाचा सांधा सरळ होत नसेल, तर घोटा काटकोनात असूनही टाच अधांतरी राहते. दोष वर असतो, दिसतो मात्र खाली. पोटरीचा स्नायू उभ्या पायाची नडगी पुढे कलंडू देत नाही व त्यायोगे गुडघ्याला सरळ राहण्यास साहाय्य करतो. तो दुबळा केला की गुडघ्याचा आधारच जातो. मी नेमका तो आधार काढून घेतला होता.

अशा वेळी चालीचे त्रिमितीय विश्लेषण उपयोगी पडते. रुग्णाच्या कमरेवर व पायांवर ठरावीक जागी परावर्तक गोळ्या चिकटवितात. भोवतालचे अवरक्त कॅमेरे त्यांचा वेध घेतात. जमिनीतील फोर्स प्लेट पावलाचा दाब व त्याची दिशा नोंदविते. स्नायूंचे विद्युत्-आलेखनही सोबत घेता येते. निरोगी चालीत पाऊल आवर्तनाचा सुमारे ६० टक्के काळ जमिनीवर व ४० टक्के काळ हवेत असते, आणि हवेत असताना गुडघा सुमारे ६० अंश वाकतो. रुग्णाचा आलेख या निरोगी आलेखाशेजारी ठेवला की दोष कोणत्या सांध्यात व कोणत्या क्षणी आहे, हे पुष्कळसे स्पष्ट होते. मांडी आतल्या बाजूस वळलेली असेल, तर बाजूने पाहणाऱ्या डोळ्याला गुडघ्याचा खरा कोन दिसतच नाही. समोरून पाहावे तर गुडघे नुसतेच एकमेकांकडे झुकल्यासारखे भासतात. तिसरी मिती हवी ती यासाठी.

ही कल्पना नवी नाही. १८९१ मध्ये लाइपझिग येथे ब्राउन व फिशर यांनी एका माणसाच्या अंगावर प्रकाशनळ्या बांधून, अंधारात त्याच्या चालण्याची अनेक बाजूंनी छायाचित्रे घेतली. १८९२ मध्ये ब्राउन निवर्तले. फिशर यांनी गणित पुढे नेले आणि ते निष्कर्ष १८९५ ते १९०४ या काळात खंडशः प्रसिद्ध झाले. जे गणित करण्यात त्यांची वर्षे गेली, ते संगणक आज काही मिनिटांत करतो.

आक्षेपांची मला जाणीव आहे. त्वचा हाडावर सरकते, त्यामुळे मोजमापात त्रुटी राहते. एकाच आलेखाचा अर्थ दोन तज्ज्ञ वेगळा लावू शकतात. अनोळखी खोलीत मूल घरच्यासारखे चालेलच असे नाही. अशी केंद्रे थोडी, खर्च मोठा आणि प्रवास दूरचा. हे सर्व मान्य करूनही माझे मत असे की, ज्या मुलाच्या कंडरा वा हाडे आपण कायमची बदलणार आहोत, त्याची चाल आधी मोजली गेली पाहिजे. मर्सर रँग यांनी 'बर्थडे सिंड्रोम' हा शब्द उपहासाने योजला तो अशा मुलांसाठी, ज्यांचा प्रत्येक वाढदिवस नव्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात जातो. सर्व दोष आधी ओळखून एकाच वेळी दूर करणे हा त्यावरील उपाय होय, आणि मोजमापावाचून तो अंधारातला नेम ठरतो. पालकांना एकदा दूरच्या शहरी पाठविण्याचा खर्च चुकलेल्या शस्त्रक्रियेच्या खर्चाहून खचित कमी आहे.

जेथे हे शक्य नाही, तेथेही एवढे तरी करता येते : मुलाला चड्डीवर, अनवाणी, मोकळ्या जागेत चालवावे, समोरून व बाजूने मोबाईलवर चित्रण करावे, ते मंद गतीने पुनःपुन्हा पाहावे आणि शस्त्रक्रियेपूर्वी एखाद्या सहकाऱ्यास दाखवावे. आपल्या संस्थेने अशा चित्रणांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. त्या मुलासाठी मी एवढेही केले नव्हते.