मारलेलं चालतं, पुसलेलं नाही

ऑक्टोबर १९९९मध्ये ‘व्हेक्टर प्राइम’ ही ‘स्टार वॉर्स’ मालिकेतली कादंबरी बाजारात आली आणि तिने हान सोलो या नायकाच्या सहवैमानिकाचा, च्युबॅकाचा, जीव घेतला. सर्नपिडल नावाच्या ग्रहावर त्याचाच चंद्र कोसळत असतो. दुसऱ्या दीर्घिकेतून आलेल्या युझान व्हाँग आक्रमकांनी तो खाली ओढलेला असतो. मिळतील तेवढी माणसं ‘मिलेनियम फाल्कन’ यानात भरण्याची घाई चाललेली असते. च्युबॅका हान सोलोच्या धाकट्या मुलाला, अनाकिनला, उचलून यानाकडे फेकतो आणि स्वतः खालीच राहतो. यानाची सूत्रं अनाकिनच्या हाती असतात. थांबलं तर सगळेच मरणार, म्हणून तो यान वर घेतो.

लेखक आर. ए. साल्वातोरे यांच्याकडे संतापाचा पूर लोटला. जिवे मारण्याच्या धमक्याही आल्या. निर्णय त्यांचा नव्हताच, हे बहुतेकांच्या गावी नव्हतं. कोणीतरी मोठं मरायला हवं हे लुकासफिल्म आणि डेल रे प्रकाशनाच्या लोकांनी बैठकीत ठरवलं होतं. यादीत खुद्द मूळ चित्रपटांच्या नायकाचं, लूक स्कायवॉकरचं, नावही आलं होतं. मालिकेचे जनक जॉर्ज लुकास यांनी ते कापलं. मग पाळी आली या केसाळ, सात फुटांहून उंच सहवैमानिकावर. धमक्या देणाऱ्यांना या स्तंभाची सहानुभूती नाही. पुस्तकावर जीव आहे म्हणून लेखकाच्या जिवावर उठणं हा प्रेमाचा पुरावा नव्हे, माज आहे. पण त्या संतापाखाली जे दुःख होतं ते पोरकट म्हणून उडवून लावण्यासारखं नव्हतं.

च्युबॅका हे कादंबरीच्या दृष्टीने अवघड पात्र. लुकास यांना तो सुचला तो त्यांच्या इंडियाना नावाच्या कुत्र्यावरून, गाडीत शेजारच्या सीटवर बसून हिंडणाऱ्या. चित्रपटात त्याची भूमिका करणाऱ्या पीटर मेह्यू यांची उंची, डोळे आणि ती प्रसिद्ध गुरगुर यांच्या जोरावर काम भागतं. कागदावर यातलं काहीच हाताशी नसतं. तो बोलतो ते वाचकाला बहुधा हानच्या उत्तरांतून कळतं. म्हणजे त्याची निम्मी वाक्यं वाचक स्वतःच मनात रचतो. अशी वाक्यं वर्षानुवर्षं रचल्यावर ते पात्र लेखकाचं किती आणि वाचकाचं किती, हा हिशेब अवघड होऊन बसतो.

आणि वर्षं खरोखरच बरीच गेली होती. पहिला चित्रपट १९७७चा, तिसरा १९८३चा. त्यानंतर हे विश्व विझत चाललं होतं. १९९१ साली टिमोथी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’ आली, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि कादंबऱ्यांची रांग लागली. हान आणि लूकची बहीण लेया यांचं लग्न झालं, मुलं झाली, ती वाढली. मात्र या सगळ्या काळात नायकांच्या केसालाही धक्का लागत नव्हता. दर पुस्तकात दीर्घिका बुडायला निघायची आणि शेवटच्या प्रकरणात वाचायची. वाचकही निर्धास्त होता. साल्वातोरेंच्या चंद्राने ती निर्धास्ती मोडली, आणि बरं केलं.

कारण त्या मरणाची किंमत पुढच्या पुस्तकांनी चुकवली. जेम्स लुसेनो यांच्या २०००मधल्या ‘हीरोज ट्रायल’मध्ये हान सोलो ढासळलेला आहे. तो मुलाला दोष देतो. बायकोपासून तुटतो, घर सोडून भटकतो. मुलगा त्या निर्णयाचं ओझं वाहत राहतो. अंतराळातल्या धुमश्चक्रीच्या मालिकेत एक घर मित्राच्या मरणाने आतून उसवतं, आणि लेखक त्यासाठी पानांमागून पानं खर्च करतात. वाचकांची पत्रं संतापाची होती, पण पुस्तकंही त्यांच्याबरोबर सुतक पाळत होती.

सगळीच मरणं एवढी विचारपूर्वक झाली नाहीत. अनाकिन सोलो २००१च्या ‘स्टार बाय स्टार’मध्ये मरतो. मूळ बेतात तो पुढचा नायक होता आणि मरायचं होतं त्याच्या भावाने, जेसनने. पण त्याच सुमारास नव्या चित्रपटांत अनाकिन स्कायवॉकर पडद्यावर आला होता. दोन अनाकिन म्हणजे गोंधळ, असं लुकास यांचं म्हणणं पडलं आणि भावांच्या नशिबांची अदलाबदल झाली. नावापायी पोराचा जीव गेला.

मराठी वाचकाला हे जरा विचित्र वाटेल. फास्टर फेणेचं काय करायचं ते भा. रा. भागवतांनी ठरवायचं, झुंजारचं बाबूराव अर्नाळकरांनी. ‘स्टार वॉर्स’मध्ये पात्राला मालक असतो आणि लेखक बदलत राहतात.

तो मालकही बदलला. ऑक्टोबर २०१२मध्ये डिस्नेने चार अब्ज डॉलरहून अधिक मोजून लुकासफिल्म विकत घेण्याचा करार जाहीर केला. २५ एप्रिल २०१४ रोजी घोषणा झाली: आजवरच्या कादंबऱ्या यापुढे ‘लेजंड्स’, म्हणजे दंतकथा. अधिकृत कथेत त्या घडलेल्याच नाहीत. नव्या चित्रपटांना मोकळं रान हवं होतं. या विश्वाची नोंदवही सांभाळणारे लुकासफिल्मचे लेलंड ची यांनी पुढे एक कारण सरळ सांगितलं: कादंबऱ्यांत च्युबॅका मेला होता.

व्यवहार म्हणून निर्णय समजण्यासारखा आहे. कादंबऱ्या वाचलेल्यांपेक्षा तिकीट काढणारे कितीतरी पटींनी जास्त. तरीही हा घाव १९९९च्या घावाहून वाईट होता. च्युबॅकाला मारलं तेव्हा वाचकाच्या गुंतण्याला कथेने उत्तर दिलं होतं, क्रूर पण खरं. २०१४मध्ये त्याला एवढंच सांगण्यात आलं, की तू ज्याच्यासाठी हळहळलास ते झालंच नव्हतं.

डिसेंबर २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये च्युबॅका धडधाकट होता, मेला तो हान, स्वतःच्या मुलाच्या हातून. पंधरा वर्षांपूर्वी कादंबरीत हान ज्याच्यासाठी कोलमडला होता, त्याच्यावर आता हानसाठी रडायची पाळी. आणि ते रडू पडद्यावर दिसलंच नाही. परतल्यावर लेया च्युबॅकाच्या बाजूने निघून जाते आणि पहिल्यांदाच भेटणाऱ्या रे या मुलीला मिठी मारते. प्रेक्षकांनी हे तत्काळ पकडलं. ही चूकच झाली, असं दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी नंतर कबूल केलं. २०१९च्या चित्रपटात तर च्युबॅका स्फोटात गेला असं दाखवून थोड्याच वेळात त्याला जिवंत उभा केला. सर्नपिडलवर ज्यांनी त्याला सोडलं होतं, त्यांना हे मरण पटकन उरकल्यासारखं वाटलं तर नवल नाही.

पुसलेल्यांतलं काही परतलं. झान यांनीच घडवलेला खलनायक थ्रॉन २०१६मध्ये ‘रेबेल्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेत आणि २०२३मध्ये ‘अहसोका’त आला. खलनायक कुठल्याही कथेत बसवता येतो. मारा जेडचं तसं नाही. मेलेल्या सम्राटाचा हुकूम, लूकला मार, डोक्यात घेऊन वावरणारी ही बाई ‘द लास्ट कमांड’मध्ये लूकच्या प्रतिकृतीला मारून त्या हुकुमातून सुटते. पुढे लूकशी लग्न करते, आई होते आणि २००७च्या ‘सॅक्रिफाइस’मध्ये जेसनच्या, म्हणजे नवऱ्याच्या भाच्याच्या, हातून मरते. नव्या चित्रपटांतला लूक एकटा आहे, त्याचा संसारच नाही. त्यामुळे माराला तिथे पाऊल ठेवायला जागा उरलेली नाही. ती भेटते झान यांच्या जुन्या कादंबऱ्यांत, ज्या डेल रेने २०२१पासून नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा काढल्या, ‘लेजंड्स’चा शिक्का मारून, पूर्ण किमतीला.