बँकेच्या उंबरठ्यावर अडलेले धोरण

मालेगाव मागास का, असा प्रश्न निघाला की उत्तर तयार असते: शिक्षण नाही, वृत्ती जुनाट. हे उत्तर देणाऱ्यांत आपलेही काही शिकलेसवरलेले लोक असतात, याचे दुःख अधिक. 1857 नंतर उत्तर भारतातून उखडलेले मोमीन-अन्सारी विणकर मोसमकाठी आले, हातमागावर उभे राहिले, पुढे यंत्रमागाकडे वळले. सरकारी वसाहतीची वाट न पाहता मोहल्ल्यामोहल्ल्यांत उभा राहिलेला हा उद्योग आहे. मग वृत्तीचा दोष राहिला कुठे?

दोष शोधायचाच तर धोरणात शोधावा. 1 एप्रिल 1999 पासून केंद्राने वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना लागू केली. बँकेचे कर्ज काढून नवी यंत्रे घ्या, व्याजदरातील पाच टक्क्यांचा भार सरकार उचलील. कागदावर उत्तमच! परंतु मालेगाव-भिवंडीचा छोटा कारखानदार म्हणजे कोण? आठ-बारा जुने साचे, तेही बहुधा दुसऱ्याने वापरून टाकलेले. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याच्या वाट्याला विणाईची मजुरी. जागा भाड्याची, नाहीतर उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव. ताळेबंद नाही, तारण नाही. बँक त्याला दारात उभे करीत नाही आणि सरकारी मदत तर बँकेच्याच दारातून यायची.

बँक-कर्जातील मुस्लिमांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने कमी आहे, हे सच्चर समितीने 2006 साली आकडेवारीनिशी मांडले. तरीही राज्याच्या 2011-17 च्या वस्त्रोद्योग धोरणाने आपले व्याज-अनुदान केंद्राच्या त्याच योजनेशी बांधले. साध्या मागांवरच सुधारणा बसवण्यासाठी थेट अनुदान द्यावे, हे केंद्राला सुचले 2013 साली. मधल्या चौदा वर्षांत ज्यांना कर्ज मिळाले ते पुढे गेले. इतरांना आपण आळशी म्हणत राहिलो.

आपले पुढारी कब्रस्तानच्या भिंतीसाठी निधी आणतात, उर्दू शाळेच्या खोल्या आणतात. आणावेतच. पण सुताच्या भावावर, कर्जाच्या अटींवर सभागृहात किती वेळा तोंड उघडले, हे मते मागायला येतील तेव्हा त्यांना विचारा.

मागणी साधी आहे. छोटा कारखानदार दरमहा वीजबिल भरतो. वर्षानुवर्षांची ती बिले हाच त्याचा ताळेबंद मानून कर्ज द्या. राज्याचे सध्याचे धोरण 2023-28 चे आहे. पुढचे लिहायला बसाल, तेव्हा मजुरीवर विणणाऱ्याला आधी कारखानदार म्हणून कागदावर घ्या.