वडिलांच्या सहीची रोजनिशी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने आंतरजालावर स्वतःची रोजनिशी लिहावयास घेतली, की आमच्याकडील वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी उमटते. ‘आधी शीक, मग लिही’ हा उपदेश मडगावात ऐकू येतो आणि बेळगावातही. इंदूर-बडोद्याची मराठी घरे त्याला अपवाद असतील असे वाटत नाही. उपदेशाला आमची हरकत नाही. तो मानावा की न मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते. परंतु आता हा उपदेश कायद्याचा झगा चढवून उभा राहिला आहे, आणि त्याच्याशी मात्र भांडणे आम्हांस प्राप्त आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला ‘बालक’ ठरविले. बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेतली पाहिजे, असे त्याचे नववे कलम सांगते. न घेणाऱ्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि या तरतुदीच्या अंमलासाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. कलमात लेखनाचा उल्लेखही नाही. पण नावगाव नोंदविल्यावाचून आंतरजालावर कोणी कोणाला चार ओळी लिहिण्यापुरती जागा देत नाही. तेव्हा सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलीला आपली रोजनिशी उघडावयाची असेल, तर प्रथम वडिलांची, नाही तर आईची, सही हवी.

यात वावगे ते काय, असे पुष्कळ सज्जन विचारतील. त्यांना आम्ही स्वात खोऱ्यातील हकीकत सांगतो. १५ जानेवारी २००९ पासून मुलींनी शाळेत जाऊ नये, असे तेथे तालिबानने फर्मावले होते. बीबीसीच्या उर्दू विभागाला अशा दिवसांत एखाद्या शाळकरी मुलीची रोजनिशी हवी होती. मिंगोऱ्यातील एका शाळेतली थोरली मुलगी तयार झाली. तिच्या आईवडिलांनी तिला थांबविले. आम्ही त्यांना दोष देत नाही, कारण भय खरे होते. मग शाळेचे चालक झियाउद्दीन युसुफझाई यांची स्वतःची मुलगी पुढे आली. मलाला तेव्हा साडेअकरा वर्षांची होती. ‘गुल मकई’ या टोपणनावाने तिने सांगितलेली रोजनिशी प्रसिद्ध होऊ लागली. ३ जानेवारीच्या पहिल्याच नोंदीत ती सांगते, की २७ मुलींच्या वर्गात ११ जणीच हजर होत्या. मोठमोठ्या बातमीदारांना जे सापडत नव्हते, ते त्या एका हजेरीत सापडले. हे आकडे मोजण्यास आणि ते लोकांना सांगण्यास अठरा वर्षे पुरी व्हावी लागतात काय?

आमच्या मनात मात्र राहून राहून ती थोरली मुलगी येते. शाळा एक, गाव एक, भय एक. एकीचे लिहिणे जगाने वाचले आणि दुसरीचे लिहिले गेलेच नाही. कारण घरची संमती एकीला मिळाली आणि दुसरीला नाही. स्वातमध्ये जो प्रसंग होता, त्याचा आमच्या संसदेने नियम केला आहे. शिवाय स्वातमध्ये जुलूम बाहेरचा होता. ज्या मुलीचे लग्न सोळाव्या वर्षी घरात ठरते आहे, जिला भावाच्या फीसाठी शाळा सोडावी लागते, जिच्या पाठीवर वळ आहेत, तिने आपल्याविषयी लिहिण्याची परवानगी मागावयाची ती त्याच घरात. वकिली भाषेत बोलावयाचे, तर ही फिर्याद आरोपीच्या परवान्याने दाखल करावयाची आहे!

येथे विरोधक ९ ऑक्टोबर २०१२ ची आठवण देतील. त्या दिवशी मलालावर गोळी झाडली गेली. प्रसिद्धीचे फळ पाहा, असे ते म्हणतील. आक्षेप हलका नाही. पण मलालाला वडिलांची संमती पहिल्या दिवसापासून होती, आणि संमतीने गोळी अडली नाही. रोजनिशी चालू होती तोवर तिला आडोसा होता तो टोपणनावाचा. गोळी झाडली गेली तेव्हा तिचे खरे नाव सर्वांना ठाऊक झालेले होते. आमचा कायदा नेमका हाच आडोसा पातळ करतो. पडताळणी म्हटली, की मुलीचे वय आणि पालकांची ओळख कोठेतरी नोंदविली जाणारच.

कायद्याचे वयासंबंधीचे तर्कशास्त्रही पाहण्यासारखे आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाने धोक्याच्या नसलेल्या कामावर मजुरी केली, तर कायदा आड येत नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे सोळा वर्षांच्या मुलावर घोर अपराधासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. त्याने लिहिलेल्या निबंधाचा स्वामित्वहक्क १९५७ च्या कायद्याने त्याचाच असतो. म्हणजे तो राबू शकतो, तुरुंगाच्या वाटेस लागू शकतो, निबंधाचा मालकही होऊ शकतो. तो निबंध लोकांपुढे ठेवण्यापुरता मात्र तो तान्हा! यावर १८७२ च्या करार कायद्याकडे बोट दाखविले जाते. अज्ञान व्यक्तीला करार करता येत नाही, हे खरे. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तसा करार शून्य ठरविला तो मोहोरी बीबीच्या खटल्यात. पण त्या निर्णयाने अज्ञान ऋणकोला सावकारापासून वाचविले. ती ढाल होती. तिचे कुलूप करून मुलाच्याच दाराला लावण्याचा हा उद्योग आहे.

संविधानाचा एकोणिसावा अनुच्छेद भाषणस्वातंत्र्य ‘नागरिकांना’ देतो. त्यात वयाची अट नाही. वर्तमानपत्रावरील पूर्वनियंत्रण सर्वोच्च न्यायालयाने ब्रिजभूषण खटल्यात १९५० सालीच अमान्य केले. आधी लिहू द्यावे, लिहिण्यात अपराध असेल तर मागून जाब विचारावा, ही स्वतंत्र देशाची रीत. गोव्याच्या वाचकांना हे फोड करून सांगण्याचे कारण नाही. सालाझारच्या अमदानीत येथे लग्नपत्रिकाही छापण्यापूर्वी सेन्सॉरकडे धाडावी लागे. आता सेन्सॉर घरी नेमला आहे, एवढेच.

आम्हीही शाळेत असताना हस्तलिखितात एक लेख लिहिला होता आणि एका गुरुजींनी तो कात्रीने कापून काढला. राग पुष्कळ दिवस राहिला. आज वाटते, त्यांनी निदान तो वाचून कापला. आणि लेख बरा नव्हता, हेही कबूल केले पाहिजे.

मुलांना संरक्षण नकोच, असे आमचे म्हणणे नाही. याच कलमात मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती करण्यास मनाई केली आहे. ती योग्य आहे आणि राहिली पाहिजे. पंधराव्या वर्षी लिहिलेले विसाव्या वर्षी पुसून टाकता यावे, ही सोय कॅलिफोर्नियाने २०१५ पासून काही अंशी केली. ती आपल्याकडे नीट, बिनहेलपाट्याची हवी. ही सर्व बंधने लेखन ठेवून घेणाऱ्या धनाढ्य कंपन्यांवर पडतात. सहीचे बंधन तेवढे मुलावर पडते.

त्यासाठी कायदा मोडीत काढावा लागत नाही. जी संस्था मुलांची माहिती सुरक्षितपणे हाताळते अशी खात्री पटेल, तिच्यापुरती वयाची मर्यादा खाली आणण्याचा अधिकार त्याच कलमाच्या पाचव्या पोटकलमाने केंद्र सरकारला दिला आहे. युरोपीय संघाने सोळा वर्षे हा दंडक घालून सदस्य देशांना तेरापर्यंत उतरण्याची मोकळीक ठेवली. अमेरिकेत १९९८ पासून तेरा हीच रेषा आहे. आम्ही चौदा मागतो. ज्या वयात मुलाने दुकानात माल उचललेला सरकारला चालतो, त्या वयात त्याने रात्री घरी येऊन त्या दुकानाविषयी दोन पाने लिहिली आणि चारचौघांना वाचावयास दिली, तर चालेल की नाही, याचे उत्तर दिल्लीने एका अधिसूचनेत द्यावे.